अकरा निंब आणि एक बादली गेरू

समस्त खान्देशवासीयांस, तसेच इतर कोणास ऐकण्याची इच्छा असल्यास त्यांसही, याद्वारे कळविण्यात येते की सदर लेखिका ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, धुळ्याच्या देवपूर भागात, सरकारी झाडे बनावट रीतीने तयार करण्याच्या गुन्ह्यात सामील होती. गुन्हा भरदुपारी, पदर खोचून, सात बायकांनी मिळून केला. त्यांपैकी पाच हयात असून पाचही जणींना त्याचा अद्याप आनंद वाटतो. या कबुलीस कोणाची हरकत असल्यास त्याने पंधरा दिवसांच्या आत जळगावी पिंप्राळ्यास येऊन माझ्या हातचा चहा घ्यावा. मुदतीनंतर आलेल्या हरकतींना नुसतं पाणी मिळेल.

झालं. आता साध्या भाषेत सांगते.

माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. डोळे उघडले की हिरवं दिसायचं. लग्न होऊन देवपूरला आले आणि पहिल्याच वैशाखात लक्षात आलं की इथे सकाळी अकरानंतर माणूस रस्त्यावर दिसला तर लोक त्याच्या घरी काही वाईट तर झालं नाही ना, अशी चौकशी करतात. स्लॅबची घरं रात्रीपर्यंत तापलेली. त्या घरांच्या मधोमध एक मोकळी जागा होती आणि तिच्यात अकरा निंब. कॉलनीतल्या पहिल्यावहिल्या लोकांनी लावलेले, धुण्याच्या पाण्यावर वाढवलेले. कागदावर तिला 'खुली जागा' म्हणत. आम्ही मैदान म्हणायचो, जरी मुळ्यांमुळे तिथे चेंडू सरळ कधीच गेला नाही.

आमचं सगळं त्या निंबांखाली चालायचं. ज्वारीची बिबडी, म्हणजे जाडसर पापड, थापायची तिथे, भांडायचं तिथे, भांडण मिटवायचं तिथेच. आखाजीला पुरुष मंडळी तिथे पत्ते कुटायची आणि बाया झोके बांधायच्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात सासरी गेलेल्या लेकींचा सण. लेक माहेरी येते, निंबाला झोका असतो, ती त्यावर बसून सासरचं सगळं गाण्यात सांगून मोकळी होते. सासूला नावं ठेवायची असतील तर ही अधिकृत वेळ.

आता अक्कांकडे वळते. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, पण सगळी कॉलनीच त्यांना अक्का म्हणायची. उंचीने माझ्या खांद्याला, आवाजाने पांझरेच्या पुलापर्यंत. त्यांची एकुलती लेक नंदुरबारच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत दिलेली. ती तीन वर्षं आखाजीला आली नव्हती. पहिल्या वर्षी तिची सासू आजारी पडली. दुसऱ्या वर्षी बाळ लहान होतं. तिसऱ्या वर्षी कोणी कारणही सांगितलं नाही. आणायला गेलेला मुराळी, म्हणजे तिचा भाऊ, म्हणजे माझे यजमान, चहा पिऊन एकटेच परत आले. त्या दिवशी अक्कांनी झोका स्वतः सोडला, गुंडाळून माळ्यावर टाकला आणि दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत. अक्का बोलल्या नाहीत म्हणजे काय, हे कॉलनीतल्या लोकांना विचारा.

चौथ्या वर्षी त्यांनी डोकं लढवलं. मला समोर बसवून विहीणबाईंना पोस्टकार्ड लिहवून घेतलं: मोठ्या निंबाला झोका बांधून झाला आहे, पोरीच्या नावाने बांधला आहे, तो रिकामा हललेला बरा नसतो हे तुम्हाला मी काय सांगावं. झोका तेव्हा माळ्यावरच होता. मी तसं म्हटलं, तर अक्का म्हणाल्या की पोस्टकार्डाला पोहोचायला चार दिवस लागतात. आठ दिवसांनी उत्तर आलं. मुराळी पाठवा.

अक्कांनी ते कार्ड देवघरात ठेवलं. आणि त्याच आठवड्यात मैदानात फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या.

प्लॉट विकून ही कॉलनी ज्यांनी वसवली ते शेठ म्हणाले, ही जागा त्यांची आहे, तिथे दहा गाळे होणार, सोमवारी तोडकरी येऊन निंब पाडतील. सोमवारनंतरचा शुक्रवार आखाजीचा. पुरुषांची बैठक बसली. खरं सांगायचं तर दोन-तीन जणांना गाळा हवा होता. त्यांत माझे यजमानही होते. झेरॉक्सचं मशीन टाकायचं त्यांच्या मनात होतं. अक्कांनी हे ऐकलं आणि त्यांना विचारलं, बहिणीला आणायला जाणार आहेस, ती आली की तिला मशीनवर झोका घालशील का. यजमान त्यानंतर बैठकीत बसले, पण मागच्या ओळीत.

सासरे, नाना, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांचा अर्जावर विश्वास. धोतर नेसून, फाइल घेऊन ते कचेऱ्या पालथ्या घालू लागले. पहिल्या कचेरीत सांगितलं, तुमचा कागद दुसऱ्या कचेरीत आहे. दुसरीने तिसरीकडे पाठवलं. तिसरीने प्रेमाने बसवून पाणी दिलं आणि पहिलीचा पत्ता दिला. शेवटी एका कारकुनाने मंजूर नकाशा शोधून काढला. नाना संध्याकाळी घरी आले आणि पायरीवरच बसले. मी पाणी दिलं तेव्हा हळूच म्हणाले, "सूनबाई, नकाशाप्रमाणे खुली जागा म्हणजे आपलं स्वयंपाकघर आहे."

नकाशा उलटा धरला होता, की कॉलनीच उलटी बांधली होती, हे आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून पोळ्या करताना जरा दबकून उभी राहायची.

शनिवारी सकाळी आम्ही बाया मोठ्या निंबाखाली गोळा झालो. जवळच खाटेवर आबा बसले होते. आबा समोरच्या घरातले, रस्त्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले मुकादम. तीस वर्षं त्यांनी रस्त्याची डागडुजी करणारी टोळी चालवली होती. (खात्याचं नाव मी विसरले आहे, आणि मुद्दाम विसरले आहे.) आबा सहसा बोलायचे नाहीत. त्या दिवशी दातातली काडी काढून म्हणाले, "सरकारनं झाड ऱ्हातं ना, तेले कोन्ही हात लावत नही."

अक्कांनी विचारलं, "मंग आपला निंब सरकारना कसा व्हतीन?"

"दोन बादल्या चुना," आबा म्हणाले, "एक बादली गेरू."

तुम्ही मोठ्या रस्त्याने गेला असाल तर पाहिलं असेल. कडेच्या झाडांच्या खोडाला चुन्याचे पांढरे पट्टे, मध्ये गेरूचा लाल, आणि त्यावर आकडा. तो पट्टा म्हणजे सरकारचा गंध. आबांचं म्हणणं, तोडकरी कागद वाचत नाही, पट्टा वाचतो.

खान्देशात गुन्हा करायचा तर वैशाखात दुपारी दोन वाजता करावा. साक्षीदार मिळत नाही. रविवारी पुरुष घरात ओल्या पंच्याखाली घोरत होते. आम्ही सात जणी ड्रममध्ये भिजवलेला चुना, गेरूची बादली आणि केकताडाचे, म्हणजे घायपाताचे, कुंचे घेऊन निघालो. आबांनी खाट मधोमध ओढून घेतली आणि मुकादम झाले. निवृत्त झाल्यापासून इतके तरतरीत मी त्यांना पाहिले नव्हते. चुन्यात डिंक कालवायला लावला. पट्टा कमरेच्या उंचीला. पांढरा वीतभर, मग लाल, मग पुन्हा पांढरा. माझा पट्टा वाकडा गेला तर म्हणाले, रावेरनी पोर शे, केळीला पट्टा मारत असतील ह्यांच्याकडे. मी म्हटलं, आबा, आमच्याकडे झाडाला पट्टा मारेपर्यंत घड उतरलेला असतो. अक्का मोठ्या निंबाचं खोड कोणालाच देत नव्हत्या. त्याचा पट्टा त्यांनी एकटीने मारला, पाटावर उभं राहून, आणि इतका जाड मारला की ते झाड खात्याचं साहेब दिसू लागलं.

मग आकडे घालायची वेळ आली. हे काम आबांचं. वर किलोमीटरचा आकडा, खाली झाडाचा. त्यांनी कुंचा घेतला आणि न थांबता, न विचारता, अकरा झाडांवर अकरा आकडे घातले. मी विचारलं, हे आकडे कुठून आणले. आबा म्हणाले, हाताला येतात ते घातले. गावाबाहेर नाल्याजवळ निंबांची एक रांग त्यांनी स्वतः लावली होती, पाणी घालून जगवली होती, वीस वर्षं दरसाल रंगवली होती. त्याच रांगेचे आकडे. दुसरे त्यांना येतच नव्हते. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आकडा तो आकडा.

सोमवारी सकाळी तोडकरी आले. पुढच्याने पट्टा पाहिला आणि कुऱ्हाड खांद्यावरून उतरवलीच नाही. त्याच्या काकाने एकदा सरकारी बाभळीची फांदी तोडली होती आणि तो दोन वर्षं तारखांना जात होता, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि ते निघून गेले. तासाभराने शेठ स्कूटरवर आले. पट्ट्याला बोट लावलं. बोट लाल झालं. माझ्या हातांकडे पाहिलं. माझी नखं अजून लालच होती.

मी म्हटलं, "आखाजी आली ना भाऊ. मेंदी."

शेठही नानांसारखेच निघाले, अर्जावर विश्वास असलेले. त्यांनी रस्त्यांच्या खात्याला लेखी विचारलं की अमुक आकड्यांची ही अकरा झाडे आपली आहेत काय, असल्यास माझ्या जागेत का, नसल्यास तोडू काय. आकडे सगळे अर्जात नीट उतरवले. इथून पुढे काय झालं ते मला सांगता येतं, का झालं ते येत नाही.

बुधवारी दुपारी खात्याची जीप आली. आम्ही सात जणी एकदम घरात. खिडकीतून पाहिलं तर सडसडीत, चष्मेवाले साहेब उतरले, मागे शिपाई, शिपायाच्या काखेत लाल फडक्यात बांधलेलं झाडांचं रजिस्टर. शेठही आले. नाना धोतर सावरत, फाइल घेऊन बाहेर गेले. अक्का माझा हात धरून म्हणाल्या, यांनी पट्टे खरवडले तर उद्या मुराळी कोणत्या तोंडाने जाईल.

साहेबांनी पहिल्या निंबाचा आकडा वाचला. रजिस्टरात पाहिलं. पुन्हा आकडा वाचला. शिपायाने बुंध्याला टेप लावला. साहेबांनी रजिस्टरात बरोबरची खूण केली. दुसरा निंब, तिसरा. पाचव्यापर्यंत ते गुणगुणायला लागले होते. अकरावा झाला तसे ते नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, अजून चार निंब असतील का कुठे जवळपास?"

नाना गोंधळून म्हणाले, पलीकडच्या कॉलनीत दोन आहेत.

मग हळूहळू उलगडलं, म्हणजे मला वाटतं उलगडलं. रस्ता रुंद करताना नाल्याजवळची ती रांग कधीच पाडली गेली होती. पंधरा निंब. कोणी पाडली, लाकूड कुठे गेलं, याचा कागद नव्हता आणि रजिस्टरात ती पंधराही उभी होती. वरचे साहेब तपासणीला येणार होते. आमच्या साहेबांची झोप उडाली होती, आणि त्याच आठवड्यात शेठचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. हरवलेल्या पंधरांपैकी अकरा झाडं, त्याच आकड्यांची, निंबाचीच, देवपूरला उभी.

आबा खाटेवरून हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, "नालाजवळनी बठ्ठी रांग?"

साहेब म्हणाले, हो, सगळी.

आबांनी काडी पुन्हा दातात धरली आणि तोंड आपल्या घराकडे फिरवलं. मला वाटतं आम्हा सगळ्यांत एकट्या त्यांचीच झाडं गेली होती, आणि आम्ही खिडकीआड हसू दाबत होतो.

शेठ म्हणाले, पण साहेब, जागा माझी आहे. साहेब म्हणाले, असेल. झाड खात्याचं आहे आणि जागेवर आहे. जागा जागेवर आहे का ते तुम्ही सिद्ध करा. नानांनी मदत म्हणून नकाशाची नक्कल पुढे केली. साहेबांनी ती आडवी धरली, उभी धरली, मग आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि नक्कल घाईने परत दिली. शेठ सिद्ध करायला निघून गेले. साहेबांना खरंच वाटलं होतं का की झाडं आपणहून इथे आली, की त्यांना पहिल्या पट्ट्यातच सगळं कळलं होतं? मी या प्रश्नावर बरीच वर्षं घालवली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर दोन्ही उत्तरं होती.

झाडं वाचली हे अक्कांना कळायला फार वेळ लागला नाही. त्या माळ्यावर चढल्या, दोर आणि पाट काढला आणि थेट मोठ्या निंबाकडे निघाल्या. साहेब रजिस्टर फडक्यात बांधत होते. त्यांनी पाहिलं आणि हात वर केला.

"आजी, सरकारी झाडाला दोर बांधता येत नाही. लेखी परवानगी लागते. वरून यावी लागते."

किती दिवस, असं नानांनी विचारलं. साहेब म्हणाले, लवकर झाली तर दिवाळी.

अक्का दोर धरून उभ्या राहिल्या. झाड वाचवलं ते याच्यासाठी, आणि वाचवल्यामुळेच ते हातचं गेलं होतं. मग त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. एका श्वासात, अहिराणीत: तीन वर्षं, आजारी सासू, चहा पिऊन परत आलेला मुराळी, पोस्टकार्ड, माळ्यावरचा झोका. साहेब शहरी बोलणारे, त्यांना निम्मं कळेना. मी पुढे होऊन समजावू लागले, पण माझी अहिराणी रावेरकडून आलेली, त्यामुळे मध्ये मध्ये मीच चुकत होते आणि अक्का मला दटावत होत्या. साहेब एकदा अक्कांकडे, एकदा माझ्याकडे, एकदा दोराकडे बघत होते. अक्कांनी शेवटी देवघरातलं पोस्टकार्डच आणून त्यांच्या हातात दिलं. ते मात्र त्यांनी नीट वाचलं. दोनदा वाचलं.

मग ते जीपच्या बॉनेटवर रजिस्टर उघडून बसले. प्रत्येक झाडापुढे शेवटचा एक रकाना असतो, शेरा नावाचा. मोठ्या निंबाच्या आकड्यापुढे तो कोरा होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा विचार केला आणि लिहिलं. लिहून मोठ्याने वाचून दाखवलं: झाडास झोका आहे.

म्हणाले, परवानगी ही नवीन गोष्ट करायला लागते. हा तर आहेच, असं नोंदलंय. आता उलट जबाबदारी तुमची. रजिस्टरात जे लिहिलंय ते दर वर्षी तपासणीला जागेवर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मला उत्तर द्यावं लागतं.

पुढचं आधी सांगून टाकते. नणंद त्या वर्षी आली, बाळाला घेऊन, आणि चार दिवस झोक्यावरून उतरली नाही. मी माझ्या माहेरी दोन दिवस उशिरा पोहोचले आणि उशिराचं कारण आईला समजावता समजावता आणखी एक दिवस गेला. निंब नऊ उरले आहेत, दोन वादळात पडले. खात्याची माणसं कधीतरी येऊन त्यांना अजून पट्टे मारून जातात, का मारतात ते त्यांनाही माहीत नसावं. गाळे झाले नाहीत. नकाशात आमचं स्वयंपाकघर अजून खुली जागा आहे. यजमानांनी झेरॉक्सचं मशीन शेवटी जळगावला टाकलं, म्हणून मी पिंप्राळ्याला.

पण त्या बुधवारी यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. नणंद अजून तिकडेच होती, मुराळी अजून इकडेच होता, आणि विहीणबाईंचा शब्द म्हणजे नुसतं एक पोस्टकार्ड. अक्का दोर छातीशी धरून साहेबांच्या रजिस्टराकडे बघत राहिल्या. एकदा लिहिलं की दर वर्षी ते जागेवर असावंच लागतं, हे त्यांनी पुन्हा विचारून पक्कं करून घेतलं. साहेबांनी मान हलवली आणि रजिस्टर मिटायला घेतलं, तशा अक्कांनी त्यावर हात ठेवला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"मंग साहेब, तेवढं मनी पोरना सासरले बी लिखी द्या ना."